मनीप्लांटला पाणी किती आणि कधी? माती ओली असूनही पानं मलूल

रानजाई

नमस्कार मंडळी,

घर बदलताना एका मैत्रिणीने तिचा मनीप्लांट माझ्याकडे सोपवला. चार वर्षं तिने वाढवलेला, वेल चांगली दोन हात लांब. जपायचं म्हणून मी रोज सकाळी न चुकता एक पेला पाणी घालते. पहिले ३ आठवडे छान होता. मग बुडाकडचं एक पान पिवळं पडलं, पाठोपाठ दुसरं. आतापर्यंत ५ पानं गळली आहेत आणि उरलेली देठापासून लोंबतायत. पानं सुकल्यासारखी दिसली म्हणून पाणी कमी पडत असेल असं वाटलं आणि संध्याकाळीही घालायला लागले, तर चार दिवसांत आणखी बिघडला. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्याही दिसतायत.

कुंडी चिनी मातीची आहे. जागा खिडकीपासून ६-७ फूट आत, कपाटावर. ऊन थेट येत नाही. खत काहीच घातलेलं नाही.

मैत्रीण फोनवर विचारते, कसा आहे माझा वेल. तिला काय सांगू कळत नाही. तो वाचवायचाय. प्लीज मदत करा.

पागोळी

रानजाई ताई, रोज पाणी म्हणजे फारच होतंय. मी आठवड्यातून दोनदा घालते, सोमवारी आणि गुरुवारी, माझा मस्त आहे. तुम्हीही तेवढंच घाला. पिवळी पानं काढून टाका, ती परत हिरवी होत नाहीत.

जुना_माळी

पाणी ताबडतोब थांबवा हे पहिलं. पण वार ठरवण्याआधी काही गोष्टी पाहायला हव्यात.

चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक आहे का? की प्लास्टिकची कुंडी आत आणि चिनी मातीची नुसती बाहेरून, शोभेची? आतली कुंडी असेल तर ती उचलून बाहेरच्या कुंडीचा तळ बघा.

आणि एक साधी लाकडी काडी, रंग न दिलेली, कडेकडेने मातीत तळापर्यंत खोचा. १० मिनिटांनी काढा. किती उंचीपर्यंत ओली आहे, तिला चिखल चिकटलाय का, वास कसा येतो, ते इथे लिहा. वरची माती बघून काही कळत नाही. ती वाऱ्याने तासाभरात सुकते आणि खाली मात्र आठवडाभराचं पाणी असतं.

रानजाई

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आत प्लास्टिकची कुंडी आहे, ती मी आजवर कधी उचललीच नव्हती. उचलली तर बाहेरच्या कुंडीत तीन बोटं पाणी उभं! तपकिरी, वर तवंग, आणि कुबट वास, तुंबलेल्या मोरीसारखा. आतल्या कुंडीचा तळ सतत त्या पाण्यात बुडालेला असणार.

काडी जवळजवळ पूर्ण ओली निघाली. वरचं फक्त पेरभर कोरडं. टोकाला काळपट चिखल.

बाहेरचं पाणी ओतून टाकलंय. कुंडी आता एका जाळीवर ठेवलीय. पण एक समजत नाही. एवढं पाणी असताना पानं सुकल्यासारखी का?

जुना_माळी

प्रश्न नेमका विचारलात. हे एकदा उमगलं की पाण्याचं वेळापत्रक कुणाला विचारावं लागत नाही.

मुळं पाणी पितात ती नळीसारखी नाही. त्यांना पाणी ओढायला ताकद लागते आणि ताकदीसाठी प्राणवायू लागतो. तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर जाते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग ते पाण्यात बुडालेलं का असेना. वर पानांतून बाष्प जातच असतं, खालून पुरवठा बंद, म्हणून पान लोंबतं. आपल्याला वाटतं तहान. आपण आणखी पाणी घालतो. तुमच्या संध्याकाळच्या पेल्याचं हेच झालं. यात तुमचा निष्काळजीपणा नाही, पान खरोखर तहानलेलंच होतं. फक्त इलाज उलटा होता.

त्यात भर म्हणजे अशा चिखलात पिथियम आणि फायटोफ्थोरासारखे रोगजंतू फोफावतात. कमजोर मुळं कुजवायला ते टपलेलेच असतात.

शेतीत यासाठी किती नेमका शब्द आहे: वाफसा. पाऊस झाला की शेतात लगेच कुणी उतरत नाही. जादाचं पाणी खाली निघून जातं, माती ओलसर राहते पण चिकटत नाही, मूठभर घेऊन दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो. पाणीही आहे आणि हवाही आहे, तो वाफसा. मुळं खरी वाढतात ती या अवस्थेत. कुंडीतही आपल्याला तेच हवं. भरपूर पाणी द्यायचं, पूर्ण निथळू द्यायचं, वाफसा येऊ द्यायचा, आणि तो सरत आला, वरची दीड-दोन इंच माती कोरडी झाली, की परत भरपूर द्यायचं. रोजचा पेलाभर शिंतोडा ही सगळ्यात वाईट पद्धत. वरची माती कधी सुकत नाही, खालची कधी निथळत नाही.

या वेलाचं मूळ घर लक्षात घेतलं तरी हे पटतं. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरेआ बेटावरची ही वेल. जंगलात ती हवाई मुळांनी झाडाच्या खोडाला धरून वर चढते, २० मीटरपर्यंत. पाऊस येतो तो धो-धो, आणि खोडावरून लगेच ओघळून जातो. पायथ्याला कुजलेल्या पानांचा भुसभुशीत थर, त्यात हवा खेळती. भिजणं आणि निथळणं, दोन्हीची सवय. साचलेल्या चिखलाची नाही. (१८८० साली तिला पोथोस ऑरियस असं नाव दिलं होतं. १९६४ मध्ये ते बदलून एपिप्रेम्नम ऑरियम झालं, पण लोकांच्या तोंडी पोथोसच राहिलं.)

आता लगेच करायचं काम. रोप कुंडीतून बाहेर काढा. माती हलक्या हाताने झटका, मुळं साध्या पाण्याखाली धुवा. पांढरट, फिकट पिवळी, हाताला टणक लागतात ती चांगली. संशय असेल ते मूळ दोन बोटांत धरून हळूच ओढा. कुजलेल्याचं साल मोज्यासारखं निसटून हातात येतं आणि मध्ये दोऱ्यासारखी शीर उरते. तशी सगळी स्वच्छ कात्रीने कापा, टणक भाग लागेपर्यंत. जुनी माती परत वापरू नका. मुळं जितकी उरतील तेवढीच कुंडी घ्या, मोठी अजिबात नको. थोड्या मुळांना जास्त मातीतलं पाणी संपत नाही.

आणि शेंड्याकडचे दोन-तीन तुकडे कापून पाण्यात ठेवा. बुडखा नाही वाचला तरी वेल वाचेल.

कापल्यावर हात धुवा. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कातडी खाजते. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर पानं तोंडात जाऊ देऊ नका.

दहिवर

माळीकाकांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. पण हा धागा वाचून कुणी पाणी तोडून बसू नये, म्हणून माझा उलटा अनुभव लिहिते.

माझ्याही वेलाची पानं लोंबत होती. जास्त पाण्याची भीती मनात बसलेली, म्हणून मी १५ दिवसांनी कसंबसं घालायचे. घातलं की लगेच खालून वाहून जायचं, ताटली भरायची, आणि मला वाटायचं चला, माती पूर्ण भिजली. शेवटी रोप उपसलं तेव्हा मधला गोळा विटेसारखा कोरडा! रोपवाटिकेतून आलेलं नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं. ते एकदा ठणठणीत सुकलं की आक्रसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं, आणि पाणी धरायचंच नाकारतं. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत.

इलाज सोपा होता. कुंडी पसरट भांड्यात ४ बोटं पाण्यात ठेवली, खालून पाणी चढू दिलं. तासाभराने वरची माती हाताला ओली लागली, तेव्हा बाहेर काढून निथळायला ठेवली. संध्याकाळपर्यंत पानं ताठ झाली होती. मी त्यांच्यासमोर बसूनच होते, इतका आनंद झाला होता.

दोन्हीत पान लोंबतं, पण फरक ओळखता येतो. तहानेचं पान पातळ, मऊ, कडा आतल्या बाजूला वळलेल्या, आणि कुंडी उचलली तर हलकी फूल. जास्त पाण्याचं पान बुडाकडून पिवळं पडत जातं, कधी कधी मऊ तपकिरी डाग येतात, आणि कुंडी जड. पानाकडे बघायचं पण निकाल मातीला विचारून द्यायचा, मी तरी आता तेच करते.

कोवळी_पालवी

माझा एक प्रश्न. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो ना? रानजाईंनी नवीन कुंडी भरताना तो थर द्यावा का?

जुना_माळी

नको. मीही कित्येक वर्षं घालत होतो, त्यामुळे मोडायला जड जातं हे मला माहीत आहे.

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, मोठ्या फटी त्याला ओढून घेऊ शकत नाहीत. वरची माती अगदी गच्च भरली की मगच थेंब खाली पडतो. म्हणजे जो ओला थर एरवी कुंडीच्या तळाशी राहिला असता, तोच आता खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. घरी बघायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा. परत पाणी गळतं. स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीतही मातीच्या थराची उंची निचऱ्याला मदत करते, आणि खडी नेमकी ती उंची खाते.

भोकावर एखादं खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये इतपत. बाकी निचरा हवा तर तो संपूर्ण मातीतच हवा. माझं मिश्रण ढोबळ असतं: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (निचऱ्यासाठी घालतात ते हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू, एक भाग गांडूळखत. हातात घेऊन दाबलं आणि सोडलं की सुटं झालं पाहिजे. नुसती चिकणमाती मात्र टाळा.

खुरपं

काडी, बोट सगळं ठीक आहे, पण मला सर्वात खात्रीचं वाटतं ते कुंडीचं वजन. भरपूर पाणी घालून, अर्धा तास निथळून झालं की कुंडी दोन्ही हातांनी उचलायची. ते वजन हातात बसू द्यायचं. मग रोज एकदा नुसती उचलून बघायची, पाणी घालायचं नाही. चार-पाच दिवसांत हाताला कळायला लागतं की आता हलकी झाली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे फरक चांगलाच जाणवतो. मला सुरुवातीला हाताचा भरवसा नव्हता म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वहीत लिहून ठेवायचो. महिन्याभराने वही लागेनाशी झाली.

यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझ्याकडे एकाच वेलाच्या दोन कुंड्या आहेत, माती एकच, मापही एकच. एक खिडकीत, एक खोलीच्या आतल्या कोपऱ्यात. खिडकीतली ५-६ दिवसांत हलकी होते, कोपऱ्यातलीला कधी कधी १५ दिवस लागतात. उजेड जास्त तर पान जास्त काम करतं, तर पाणीही जास्त पितं. भाजक्या मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, प्लास्टिक आणि चिनी माती सोडत नाहीत. थंडीत सगळंच मंदावतं, दमट हवेतही माती सावकाश सुकते.

म्हणून पागोळी ताई, तुमचा सोमवार-गुरुवार तुमच्या खिडकीत, तुमच्या कुंडीत बरोबर असेल. पण तोच रानजाई ताईंच्या कपाटावर नेला तर त्यांचं रोप पुन्हा बुडेल.

पागोळी

पटलं. माझी कुंडी भाजक्या मातीची आहे आणि गॅलरीत भरपूर उजेड आहे, म्हणून चालून जात होतं. हे मी लिहायला हवं होतं. आज वजन करून बघितलं. सोमवार असूनही कुंडी जडच होती, पाणी घातलं नाही.

रानजाई

काल सुट्टी होती, सगळं काम केलं.

वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली, कडा दाबल्या, गोळा अख्खा सरकून आला. खालची चार बोटं माती काळी आणि गुळगुळीत. तिथली मुळं बोटांत धरल्याबरोबर काका म्हणाले तसं साल निसटून हातात आलं आणि आत पांढरा दोरा उरला. अंगावर काटा आला. अर्ध्याहून जास्त मुळं कापावी लागली. पण वरच्या बाजूला, खोडाजवळ, मूठभर मुळं चांगली टणक आहेत, आणि त्यातल्या एका मुळाचं टोक अगदी ताजं, पांढरंशुभ्र आहे. ते बघून जीवात जीव आला.

आधीची कुंडी ८ इंची होती, आता ५ इंची घेतली, तळाला भोकं असलेली. चिनी मातीची बाजूला ठेवून दिली. मिश्रण काकांच्या प्रमाणात. जागा बदलून खिडकीपासून ३ फुटांवर, जाळीच्या पडद्याआड. शेंड्याचे तीन तुकडे बाटलीत ठेवलेत, प्रत्येकावर एक तरी पेर पाण्याखाली राहील असे.

माश्यांचं काय करू?

जुना_माळी

छान केलंत. त्या माश्यांच्या अळ्या ओल्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत वाढतात. माती तेवढी सुकू द्यायला लागलात की त्यांची पैदास आपोआप कमी होते. उडणाऱ्यांसाठी पिवळा चिकट कागद कुंडीत खोचा. अंड्यापासून माशी व्हायला साधारण ३-४ आठवडे लागतात, तेवढा धीर धरा. माती नवीन आहे, त्यामुळे लवकर आटोक्यात येतील.

मुळं कापल्यामुळे काही दिवस पानं लोंबलेलीच राहतील. तेव्हा हात आवरा. खत २ महिने तरी नको.

पागोळी

बाटलीतल्या तुकड्यांबद्दल विचारायचं होतं. माती पाण्याने भरली तर मुळं कुजतात, मग बाटलीत नुसतं पाणीच असताना ती वाढतात कशी?

दहिवर

बाटलीत मी खूप वेल वाढवलेत, म्हणून मी सांगते. पाण्यातच जन्मलेलं मूळ पाण्यासाठी घडतं. त्याच्या आतल्या भागात हवेच्या पोकळ्या तयार होतात. शिवाय बाटलीतलं पाणी मोकळं असतं, वरून थोडा प्राणवायू विरघळत राहतो, आणि कुजणारा कचरा त्यात नसतो. मातीत वाढलेलं मूळ अचानक बुडालं तर त्याला ती तयारी करायला सवडच मिळत नाही.

म्हणूनच बाटलीतलं पाणी आठवड्याने बदलायचं, नुसती भर घालून भागत नाही. बाटली पूर्ण तोंडापर्यंत भरायची नाही. पान पाण्याखाली ठेवायचं नाही, ते सडतं आणि पाणी नासवतं. काच पारदर्शक असेल तर शेवाळ धरतं, कागद गुंडाळला तरी चालतो.

मातीत हलवायचं तर मुळं दोन-तीन इंच झाली की हलवा. फूटभर लांब होईपर्यंत थांबलात तर मातीत रुळायला फार त्रास होतो. आणि मातीत गेल्यावरचे पहिले दोन आठवडे माती जरा जास्त ओलसर ठेवा, सुकू देऊ नका. वर सांगितलेला कोरडेपणाचा नियम त्यानंतर.

कोवळी_पालवी

अजून एक, नळाचं पाणी चालतं का? आणि माझ्या वेलाच्या पानांच्या टोकाला सकाळी पाण्याचे थेंब दिसतात, तो रोग आहे का?

खुरपं

नळाचं पाणी चालतं, फार गार नसावं एवढंच. पाण्यात क्षार जास्त असतील तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एकदा खूप पाणी ओतून, सगळं खालून वाहून जाऊ द्यायचं. ताटलीत साचलेलं पाणी अर्थातच फेकायचं.

थेंब हा रोग नाही. रात्री पानांतून बाष्प कमी जातं, माती ओली असली की मुळांचा दाब पाणी वर ढकलतो, ते टोकाशी येतं. पण रोज सकाळी दिसत असतील तर माती बरीच ओली आहे असं समजून पुढचं पाणी लांबवा.

रानजाई

सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व. काहीतरी नक्की सांगता येईपर्यंत थांबले होते.

पहिले १० दिवस फार कठीण गेले. आणखी दोन पानं गळली. रोज वाटायचं, थोडंसं घालू, पेलाभर. कुंडी उचलायचे, जड लागायची, परत ठेवायचे. अकराव्या दिवशी पहिल्यांदा हलकी लागली. मोरीत नेऊन, खालच्या सगळ्या भोकांतून धार लागेपर्यंत पाणी घातलं आणि निथळल्यावरच जागेवर ठेवली. तेव्हापासून कधी ८ दिवस, कधी ११. मध्ये ४ दिवस आभाळ होतं तेव्हा १३ सुद्धा.

माश्या गेल्या. उरलेली ६ पानं ताठ आहेत. बाटलीतल्या तीन तुकड्यांपैकी दोघांना मुळं फुटली, ते याच कुंडीत शेजारी लावले.

आणि परवा बुडख्याच्या वरच्या पेरातून हिरवी सुरळी बाहेर आली. काल संध्याकाळी ती अर्धी उलगडली होती, आज सकाळी पूर्ण. पान लहान आहे, अजून ओलसर चकाकतंय, एका बाजूला सोनेरी फराटा आहे. फोटो मैत्रिणीला पाठवला. तिचा लगेच फोन आला आणि पहिलाच प्रश्न, पाणी घातलंस का आज? म्हटलं नाही, कुंडी अजून जड आहे.